अर्धं तोंड

"सहा, पाच, सात," मी मोठ्यानं सांगते,
कोपऱ्यात बसून स्काइस्ते लिहून घेते.
सात म्हणजे सात मिलिमीटर:
हिरडीनं दाताचा हात सोडल्यावर
जी खोल भेग उरते, तिची खोली.
आम्ही तिला खिसा म्हणतो.

रिमगाउदासनं क्लाइपेडाच्या बंदरात
चौतीस वर्षं क्रेन चालवली.
माझी बोटं तोंडातून निघाली तसा म्हणाला,
"पेन्शनवाल्याचं पाकीट रिकामं
आणि खिसे हिरड्यांना! बरं आहे."

राईच्या काळ्या पावाचा कडक काठ
तो तीन वर्षं चहात बुडवून खातोय.
ब्रेमेनहून त्याच्या भावाचा फोन आला होता:
आता सगळं उजेडानं करतात,
रक्त नाही, दुखणं नाही,
हिरडी गवतासारखी वर येते.
मी काहीच बोलले नाही.
मग म्हटलं, ओहोटीचं पाणी परत येतं,
झिजलेलं हाड तसं येत नसतं.

त्यानं चाचणीच्या कागदावर सही केली.
आधी मी दोन्ही बाजू हातानं खरवडल्या,
मुळांवरचं कीटण, काळं, शिंपल्यासारखं चिवट,
दोन दुपारी, माझा अंगठा सुजेपर्यंत.
मग दार लावून डॉक्टर ब्राझिन्स्कास.
एका अर्ध्या तोंडात खरा लेसर,
दुसऱ्यात नुसता लाल ठिपका आणि तोच बीप.
कुठल्या बाजूला काय, ते पाकिटात, पाकीट कपाटात.
त्याला माहीत नाही. मलाही नाही,
कारण मोजायचं मला आहे.

आपलेच दात, आपलेच ओठ म्हणतात,
इथे तर आपलंच तोंड
आपल्याच तोंडाविरुद्ध उभं.

हिवाळाभर तो महिन्यातून एकदा यायचा.
मी त्याला छोटे ब्रश दिले, दोन दातांमध्ये घालायचे,
रुंद फटीला पिवळा, अरुंद फटीला लाल.
चिडला. "वाऱ्यात, चार बोटांच्या फटीत
कंटेनर उतरवलाय मी,
आणि तू मला हे शिकवतेस?"
"मग उतरवा," मी म्हटलं.
पुढच्या खेपेला तोंडाला तंबाखूचा वास नव्हता.
मी विचारलं नाही. त्यानं सांगितलं नाही.

सहा महिन्यांनी: "तीन, चार, तीन."
स्काइस्तेनं मान वर केली.
डावीकडेही तीन, तीन, चार,
एक पाच, मागच्या दाढेला, हट्टी.
"उजेड डावीकडे होता," तो म्हणाला,
"रात्री तिथे ऊब वाटते. मी तिकडूनच चावतो."
खरं सांगू? मलाही डावीच वाटत होती.
मोजताना हात डावीकडे हलका पडला का माझा,
हे मी घरी जाऊन स्वतःला विचारलं.

जूनमध्ये पाकीट फुटलं.
लेसर उजवीकडे होता.
अडतीस तोंडांची बेरीज-वजाबाकी करून
दोन बाजूंत फरक उरला अर्ध्या मिलिमीटरहून कमी.
तेवढी तर माझी सळईच चुकते,
सकाळची कॉफी झाली नसेल तर जास्त.
दुखणं? काहींना थोडं कमी, असं ते म्हणाले,
पण कुठल्या बाजूला, ते विचारल्यावर गोंधळले.
ब्राझिन्स्कासनी यंत्राला झाकण घातलं,
हळुवार, पाहुण्याच्या अंगावर शाल टाकावी तसं.
त्याचे हप्ते अजून चालू आहेत.
उजेड खोटा नव्हता. एवढंच, की
खरवडून झाल्यावर त्याला करायला
फारसं काही उरलं नव्हतं.

रिमगाउदासला मी सांगितलं.
तो बराच वेळ गप्प बसला,
जिभेनं डावी बाजू चाचपत,
खिशात हरवलेली किल्ली शोधावी तसा.
"मग तिकडची ऊब कुणाची?"
माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्यानं टोपी घातली, दारापर्यंत गेला, वळला.
"पिवळे दोन दे," म्हणाला.
"लाल आहेत घरी."